मॉनिटरवर बिलाची सावली राहते: डाग जाणारा की कायमचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. औषधाच्या दुकानात काउंटरवर 22 इंची मॉनिटर आहे, 3 वर्षं वापरातला. रोज 12-13 तास त्यावर बिलिंगचा एकच पडदा उघडा असतो. आता दुसरं काही उघडलं, विशेषतः करड्या किंवा फिक्या निळ्या रंगाचं, की मागे बिलाचे रकाने, उजवीकडची बटणांची उभी पट्टी आणि खालचा टास्कबार पुसट दिसत राहतो. यूट्यूबवरचा रंग चमकवणारा व्हिडिओ तासभर लावून पाहिला, काही फरक पडला नाही. स्क्रीन गेली का? नवीन घ्यायची तर ओएलईडी घ्यावी का? आणि शेजारी सीसीटीव्हीचा मॉनिटर चोवीस तास चालू असतो, त्याचंही असंच होईल का?

मॉनिटर इतक्यात टाकून देऊ नका. वर्णनावरून हा एलसीडीवरचा ठसा वाटतो, आणि असे ठसे बहुतेक वेळा उतरतात. पण उतरायला तास नाही, दिवस लागतात. तासाभरात फरक नाही म्हणून लोक चांगले मॉनिटर भंगारात घालतात, याचं फार वाईट वाटतं.

पडद्यावर राहिलेल्या कुठल्याही सावलीला सरसकट 'बर्न-इन', म्हणजे जळून उमटलेलं, म्हणतात; गोंधळाचं मूळ या शब्दात आहे. जुन्या काचेच्या जाड सीआरटी मॉनिटरमध्ये आतल्या बाजूला फॉस्फरचा लेप असायचा. इलेक्ट्रॉनचा मारा एकाच जागी जास्त झाला की तिथला लेप झिजायचा आणि कायमचा काळवंडायचा. स्क्रीनसेव्हर आले ते त्यासाठी. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि जितका जळतो तितका मंद होत जातो, म्हणजे तीही झीजच. एलसीडीत मात्र पिक्सेल प्रकाश देतच नाही. प्रकाश मागच्या दिव्याचा असतो, पिक्सेल फक्त झडप उघडतो किंवा मिटतो. त्यामुळे एलसीडीवर उमटतं ते जळणं नसून झडप अडखळणं असतं. तिन्हींना आपण एकच नाव दिलं आणि मग एकाचं औषध दुसऱ्याला देत बसलो.

झडप का अडखळते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे उपाय त्यातूनच निघतात. दोन काचांमध्ये जेमतेम 3-4 मायक्रॉन जाडीचा लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. व्होल्टेज दिलं की त्याचे रेणू वळतात आणि प्रकाश कमी-जास्त जातो. हे व्होल्टेज एकाच दिशेचं ठेवून चालत नाही, म्हणून पॅनलचं सर्किट दर फ्रेमला त्याची दिशा उलटवतं: एकदा अधिक, एकदा उणे. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असत्या तर प्रश्नच नव्हता. प्रत्यक्षात बारीकसा फरक राहतो, म्हणजे पिक्सेलवर सतत एका दिशेचा थोडा दाब असतो. लिक्विड क्रिस्टलमध्ये अगदी अल्प प्रमाणात अशुद्धी असते, तिचे आयन या दाबाने सरकत काचेवरच्या अस्तरापाशी गोळा होतात. चित्र बदलत राहिलं की हे आयन एका जागी साचत नाहीत. तेच चित्र 12 तास राहिलं की साचतात, आणि चित्र गेलं तरी त्यांचं स्वतःचं क्षीण विद्युतक्षेत्र उरतं. मग त्या पिक्सेलला नवं व्होल्टेज मिळतं ते थोडं चुकीचं. दिसते ती सावली म्हणजे ही चूक.

सावली करड्यावरच का दिसते, याचं उत्तरही इथेच आहे. पूर्ण काळ्या किंवा पूर्ण पांढऱ्यापाशी व्होल्टेज जरासं हललं तरी उजेडात फारसा फरक पडत नाही. मधल्या छटांमध्ये मात्र तेवढ्याच फरकाने उजेड लगेच बदलतो. म्हणून शुभ्र वर्डच्या पानावर काहीच दिसत नाही आणि करडी खिडकी उघडली की रकाने वर येतात.

उपायाआधी दोन गोष्टींची खात्री करा. पहिली, मॉनिटर नक्की कोणता आहे. खोक्यावर 'एलईडी मॉनिटर' लिहिलेलं असतं त्यावरून पुष्कळांना वाटतं की आपल्याकडे काहीतरी वेगळं आहे. तो एलसीडीच असतो, एलईडी फक्त मागचा दिवा. दुकानात वापरतात ते 19 ते 24 इंची मॉनिटर जवळपास सगळे एलसीडी असतात. शंका असेल तर रात्री दिवे मालवून पूर्ण काळं चित्र पूर्ण पडद्यावर लावा. पडदा राखाडी-निळसर उजळलेला दिसला तर एलसीडी. मॉनिटर बंद आहे की चालू तेच कळेना, इतका काळा दिसला तर ओएलईडी.

दुसरी, डाग पॅनलमध्येच आहे ना. सावली दिसत असतानाच कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घ्या, मोबाइलवर पाठवा आणि तिथे बघा. मोबाइलवरही सावली दिसली तर दोष मॉनिटरचा नाही, सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्सचा आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर मॉनिटरचं स्वतःचं मेनूबटण दाबा. तो मेनू मॉनिटरच काढतो, संगणक नाही. मेनूच्या एकरंगी भागातूनही रकान्यांच्या रेघा जात असतील तर ठसा पॅनलवर आहे.

आता ठसा मोजायचा. पेंट उघडा, कंट्रोल-ई दाबून चित्राची मापं मॉनिटरच्या मापाइतकी करा, बहुतेकांची 1920 बाय 1080 असतात. 'एडिट कलर्स'मध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींना 128 हा आकडा द्या, बादलीने पान भरा आणि एफ11 दाबा. पूर्ण पडदा मधल्या करड्या रंगाचा होईल. अर्धा मिनिट थांबून मोबाइलने फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, नेहमी तेवढ्याच अंतरावरून. हे चित्र सेव्ह करून ठेवा. डोळ्याला सावलीची सवय होते आणि ती कमी झाली की नाही हे आठवड्याने सांगता येत नाही, फोटो सांगतो.

करड्या पडद्यावर जे दिसतं तो सगळा ठसा नसतो. मॉनिटर संगणकाला निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलने जोडलेला असेल आणि अक्षरांच्या उजव्या बाजूला त्यांचीच फिकट जुळी अक्षरं दिसत असतील, तर ते हलक्या किंवा लांब केबलमध्ये सिग्नल परावर्तित होत असल्यामुळे. खिडकी हलवली की ती जुळी अक्षरंही सोबत हलतात. ठशाची सावली जागची हलत नाही. काउंटरवरून आतल्या खोलीत 10 मीटर केबल ओढलेली असेल, किंवा मध्ये स्प्लिटर असेल, तर आधी हीच शंका घ्या. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट केबल लावली की ती जाते. खालच्या कडेला ढगासारखे, कुठल्याही चित्राशी न जुळणारे डाग असतील, तर बहुधा पुसताना फवारलेलं पाणी खाली ओघळून चौकटीच्या फटीतून आत गेलंय. कोपऱ्यातला पिवळेपणा मागच्या पांढऱ्या शीटचा असतो, दिव्याच्या उष्णतेने आलेला. अंगठ्याएवढा उजळ ठिपका म्हणजे कुणीतरी दाबलेली जागा. यांतलं काहीच पुढच्या उपायांनी जाणार नाही.

ठसा खरा ठरला की सर्वांत चांगलं औषध म्हणजे विश्रांती. एनईसी कंपनीच्या मॉनिटर-पुस्तिकांमध्ये एक साधा नियम दिलेला असतो: चित्र जितका वेळ स्थिर होतं, तितकाच वेळ मॉनिटर बंद ठेवा. नुकत्याच उमटलेल्या ठशाला तो चोख लागू पडतो. तीन वर्षं रोज साचलेल्या ठशाला एवढ्याने भागत नाही, म्हणून असं करा. दुकान बंद करताना मॉनिटर खरोखर बंद करा, संगणक चालू ठेवावा लागला तरी. बटणावर बंद झाला किंवा स्टँडबायला गेला, दोन्ही चालेल, कारण दोन्हीत पॅनलला व्होल्टेज मिळत नाही. काळा स्क्रीनसेव्हर म्हणजे बंद नव्हे: त्यात दिवा जळत असतो आणि पॅनल काम करत असतं. शनिवारी रात्री बंद करून सोमवारी सकाळी चालू केला तर सलग 36 तास मिळतात. ती संधी सोडू नका. रविवारी दुकान उघडं असेल तर घरातला एखादा पडून असलेला मॉनिटर दोन दिवस काउंटरवर लावा.

दिवसा गिऱ्हाईक नसेल तेव्हा 10-15 मिनिटं एकरंगी पांढरा पडदा किंवा सतत हलणारं चित्र लावा. यामागचं कारण नीट कळलं तर अपेक्षाही नीट राहतात. टीएन जातीच्या पॅनलमध्ये व्होल्टेज नसताना पिक्सेल पांढरा असतो, आयपीएस आणि व्हीए जातीत तो काळा असतो. म्हणजे पांढरा पडदा टीएनला विश्रांती देतो, पण आयपीएसच्या प्रत्येक पिक्सेलला पूर्ण व्होल्टेज देतो. दोन्हीकडे फायदा एवढाच की जुना साचा मोडतो आणि सगळ्या पिक्सेलना सारखं काम मिळतं. पांढऱ्या रंगात डाग पुसण्याची ताकद नाही. मॉनिटर बंद ठेवणं मात्र सगळ्याच जातींना लागू पडतं.

पहिला फोटो काढल्यापासून तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी करडं चित्र लावून पुन्हा फोटो काढा. तिसऱ्या दिवशी जाड पट्ट्या फिकट झाल्या आणि फक्त रेघांच्या कडा उरल्या तर दिशा बरोबर आहे, चालू ठेवा. पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर अस्तरालाच तशी वळणं पडली असं समजा. तो ठसा आता राहणार. तरीही बिलिंगला मॉनिटर चालतो, कारण पांढऱ्या पानावर त्रास होत नाही. फोटो बघायच्या किंवा डिझाइनच्या कामाला मात्र तो देऊ नका. पॅनल बदलण्याच्या फंदात पडू नका, 22 इंचीचं नवं पॅनल आणि मजुरी मिळून खर्च जवळपास नव्या मॉनिटरइतका जातो.

तुम्ही लावलेल्या व्हिडिओबद्दल. रंग भराभर चमकवणारे हे व्हिडिओ आणि वेबपानं मुळात अडकलेल्या एकट्या पिक्सेलसाठी आहेत, जो कायम लाल किंवा हिरवा पेटून राहतो त्याच्यासाठी. ठशावर त्यांचा परिणाम साध्या हलत्या चित्राइतकाच, आणि अपस्मार असलेल्या माणसासमोर ते लावणं धोक्याचं आहे. ओएलईडीवर तर ते तासन्‌तास लावणं म्हणजे उरलेलं आयुष्य जाळणं. हेअर ड्रायरने शेकणं, कापडाने चोळणं, अंगठ्याने दाबणं हे सगळे सल्ले ऐकायला मिळतात. शेकल्याने वरची पोलरायझरची फिल्म सुटते, दाबल्याने नवा कायमचा डाग पडतो.

एक प्रकार वेगळा ओळखायला हवा. बिलाचा पडदा फक्त 5-10 मिनिटं ठेवला तरी ठळक सावली राहत असेल आणि करड्यावर बारीक थरथर दिसत असेल, तर अति वापर हे कारण नाही. अधिक-उणे व्होल्टेजचा मध्यबिंदू, ज्याला दुरुस्तीवाले व्हीकॉम म्हणतात, तो सरकलेला आहे. विश्रांतीने सावली जाईल आणि दहा मिनिटांत परत येईल. मॉनिटर वॉरंटीत असेल तर हीच तक्रार लिहून द्या: किती मिनिटांत उमटते, किती मिनिटांत जाते, सोबत करड्या पडद्याचा फोटो. नुसतं 'बर्न-इन' म्हटलं की वापरातला दोष म्हणून तक्रार परत येण्याची शक्यता वाढते.

ठसा उतरल्यावर तो परत येऊ नये यासाठी एकच सेटिंग पुरेसं काम करतं. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन 'टर्न माय स्क्रीन ऑफ आफ्टर' 5 मिनिटांवर आणा. विंडोज 10 मध्ये तेच पॉवर अँड स्लीपमध्ये आहे. स्लीप मात्र 'नेव्हर' ठेवा, म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअर आणि प्रिंटर जागे राहतील आणि माउस हलवला की पडदा लगेच येईल. काउंटर सोडून उठताना विंडोज की आणि एल दाबायची सवय लागली तर बिलंही सुरक्षित राहतात.

पाच मिनिटं ठेवूनही पडदा बंद होत नसेल तर एखादं सॉफ्टवेअर त्याला अडवतंय. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पॉवरसीएफजी टाइप करा, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून रिक्वेस्ट्स (powercfg /requests), मग एंटर. 'डिस्प्ले' या मथळ्याखाली अडवणाऱ्याचं नाव येतं. बहुतेक वेळा मागे ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ निघतो.

टास्कबारवर उजवं क्लिक करून टास्कबार सेटिंग्जमध्ये तो आपोआप लपेल असं करा. तो ठसा सर्वांत हट्टी असतो, कारण सॉफ्टवेअर बदललं तरी टास्कबार तिथेच असतो. मॉनिटरच्या मेनूत ब्राइटनेस 100 वर असेल तर 40-50 वर आणा. एलसीडीत याने ठसा थेट कमी होत नाही, पण मागचा दिवा कमी तापतो, आणि गरम पॅनलमध्ये आयन जास्त सरकतात. त्याच कारणासाठी मॉनिटर काउंटरच्या बंद खोबणीत किंवा फ्रिजच्या गरम बाजूला लागून नको, मागे वीतभर मोकळी जागा हवी.

आता ओएलईडी. बिलिंगच्या काउंटरसाठी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र अप्रतिम दिसतं यात वाद नाही, पण 12 तास तेच रकाने म्हणजे त्या तंत्रज्ञानाची सर्वांत कमजोर बाजू. आतलं सेंद्रिय द्रव्य झिजतं, त्यात निळा रंग सर्वांत लवकर, आणि झालेली झीज विश्रांतीने भरून येत नाही. घरी सिनेमा आणि खेळांसाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण वॉरंटीच्या कागदावर बर्न-इन समाविष्ट आहे असं लेखी बघून. डेलने 2022 मध्ये एलियनवेअरच्या ओएलईडी मॉनिटरवर बर्न-इनसह 3 वर्षांची वॉरंटी दिली होती, तशी अट मागायला संकोच करू नका.

ओएलईडी घेतला तर आपल्याकडची एक चांगली सवय बदलावी लागेल. रात्री स्पाइक गार्डचं किंवा भिंतीवरचं बटण बंद करायचं हा घराघरातला शिरस्ता. एलसीडीला तो चालतो. ओएलईडी मॉनिटर मात्र काही तासांच्या वापरानंतर स्टँडबायमध्ये गेला की स्वतःच पिक्सेलची तपासणी करतो आणि प्रत्येक पिक्सेलला लागणारं व्होल्टेज सावरून घेतो. याला सहसा काही मिनिटं लागतात. वीज भिंतीवरच तोडली तर हे काम होतच नाही, आणि महिनोन्‌महिने तसं चाललं तर तात्पुरत्या सावल्या साचून राहतात. म्हणून मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, दिवा स्टँडबायचा झाला तरी 15-20 मिनिटं वीज ठेवा, मग हवं तर भिंतीवरचं बटण दाबा. मेनूत असलेलं मोठं 'पॅनल रिफ्रेश' मात्र डाग दिसला म्हणून रोज चालवायचं नाही. मॉनिटर स्वतः सुचवेल तेव्हाच चालवा.

राहिला सीसीटीव्हीचा मॉनिटर. त्याची स्थिती बिलिंगपेक्षा वाईट, कारण चौकोनांच्या रेघा, कॅमेऱ्यांची नावं आणि तारखेची पट्टी चोवीस तास जागच्या जागी असतात, आणि रात्रीची विश्रांतीही नाही. पुष्कळजण तो बंद करत नाहीत कारण रेकॉर्डिंग थांबेल अशी भीती असते. रेकॉर्डिंग कॅमेरे जोडलेली पेटी, म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआर, करतो, मॉनिटर फक्त दाखवतो. मॉनिटर बंद असताना एक सेकंदही रेकॉर्डिंग चुकत नाही. दुकान बंद करताना डीव्हीआर चालू ठेवून मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करा. दोन्ही एकाच एक्स्टेंशनवर असतील तर एक्स्टेंशनचं बटण दाबू नका. दिवसा डीव्हीआरच्या मेनूत 'सीक्वेन्स' किंवा 'टूर' नावाचा पर्याय असतो, तो चालू करून दर 10 सेकंदांनी एकेक कॅमेरा पूर्ण पडद्यावर येईल असं लावा. चौकोनांच्या रेघा त्याने सुटतात. उरते तारखेची पट्टी, तिची जागा डीव्हीआरच्या 'ओएसडी' सेटिंगमध्ये माउसने ओढून सरकवता येते. महिन्यातून एकदा ती वरून खाली, खालून वर न्या.